बसून ओढायची दोरी

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या इंजिनांच्या दोऱ्या ओढल्या. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. म्हणजे अजून आहे, पण आता मी ते सकाळी दोन-तीन तासच उघडतो, आणि तेही घरात सारखा पायात पायात येतो अशी तक्रार झाली म्हणून. स्कूटर, मोटार यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. माझ्याकडे यायची ती दोरी ओढून चालू होणारी इंजिनं. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लग्नातले जनरेटर आणि अधूनमधून बोटीची इंजिनं. पुण्यात कसली आलीत बोटीची इंजिनं, असं कुणी म्हटलं की मी त्याला एवढंच विचारतो, आपण पाणी कुठलं पिता? खडकवासल्याच्या मागे धरणांची रांगच आहे. त्या पाण्याच्या पलीकडे माणसं राहतात आणि त्यांना अलीकडे यायला बोट लागते.

या अंकाच्या संपादकांचं गवत कापायचं यंत्र माझ्याकडे दर वर्षी येतं. यंत्राला काही झालेलं नसतं, ते फक्त वापरलेलं नसतं. यंदा ते म्हणाले, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, ‘काम झाले आहे, घेऊन जावे’ यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. ते म्हणाले, तेच जरा लांबवून लिहा. तेव्हा पुढचं जे काही आहे त्याचा दोष निम्मा त्यांचा.

आधी ही दोरी म्हणजे काय प्रकार असतो ते सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं. त्या झाकणात एक चकरी, चकरीवर गुंडाळलेली दोरी आणि चकरीच्या पोटात पोलादी पट्टीची स्प्रिंग. चावीच्या जुन्या घड्याळात असते तशीच, फक्त दांडगी. दोरी ओढली की चकरी फिरते आणि तिच्यातून एक खिटी बाहेर येऊन इंजिनाच्या चाकाला पकडते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही अशा खिट्या असतात, त्यांना आम्ही कुत्रा म्हणतो. कुत्र्याने पकडलं की चाक फिरतं, ठिणगी पडते, इंजिन चालू होतं. मग कुत्रा आपोआप सोडतो आणि स्प्रिंग दोरीला परत आत ओढून घेते. सगळ्या मिळून पाच-सहा वस्तू आहेत. पण ही स्प्रिंग दाबून बसवलेली असते, आणि झाकण बेसावध उघडलं की ती वीतभर डब्यातून वावभर बाहेर येते. माझ्या हनुवटीवर एक व्रण आहे. लग्न जमताना सासरच्यांना मी तो लहानपणी विटीदांडू खेळताना लागला असं सांगितलं होतं, कारण ज्या वस्तूची दुरुस्ती येते तिनेच मारलं हे सांगणं बरं दिसत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक बघण्यासारखी. एका गणपती मंडळाने ऐन उत्सवात जनरेटर आणला. आठ कार्यकर्त्यांनी पाळीपाळीने जयजयकार करत दोरी ओढली होती. मूठ तुटून वेगळी झाली होती, ती त्यांनी आरतीच्या ताटात ठेवून आणली. हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारे एक साहेब रबरी बोट आणि तिचं छोटं इंजिन घेऊन आले. राहायला चौदाव्या मजल्यावर. इंजिन पाण्याशिवाय चालवायचं नाही एवढं त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते सोसायटीच्या पोहायच्या तलावात चालवून बघितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यावर जे पत्र लिहिलं तेही साहेब इंजिनाबरोबर मला दाखवायला घेऊन आले होते. मी दोन्ही परत दिली, इंजिन दुरुस्त करून आणि पत्र वाचून.

या असल्या अनुभवांमुळे मी दुकानात एक पाटी लावली होती. ‘गिऱ्हाइकाने दोरीस हात लावू नये.’ लोक येतात, इंजिन तयार दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, आणि ते कपड्याच्या दोरीवरून टॉवेल ओढावा तशी दोरी ओढतात. मग चकरी चिरते, स्प्रिंग तुटते. तेव्हा इंजिन मी चालू करून दाखवणार, आपण बघावं, पोत्यात भरावं आणि निघावं असा रिवाज. पहिल्या ओढीत चालू झालं नाही तर मी इंजिन देत नसे. याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानाचीच आता गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये एक जोडपं भाजीच्या टेम्पोतून बोटीचं इंजिन घेऊन आलं. नवऱ्याचं नाव दत्तू. चाळिशीच्या आसपासचा, उजवा हात पोटाशी धरलेला. बायको सारिका, बुटकी, अंगाने बारीक, पण गोधडीत बांधलेलं ते पंचवीस किलोचं धूड तिने एकटीने उतरवून घेतलं. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीवरची माणसं. वाडीतली अकरा मुलं अलीकडच्या काठावर शाळेत यायची, आणि त्यांना ने-आण करायची बोट दत्तूची. आदल्या हिवाळ्यात तो घसरून पडला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. त्यामुळे बोट सारिका चालवणार होती. सुकाणू धरायला तिला चांगलं येत होतं, लग्न होऊन आल्यापासून ती त्या बोटीत बसत होती.

इंजिनाची दशा बघून मी कपाळावर हात मारला. स्प्रिंग तुटून दोन तुकडे. मूळची दोरी जाऊन तिथे म्हशीला बांधायचा जाड कासरा. तो चकरीत मावेना म्हणून त्यांनी वरचं झाकणच काढून टाकलं होतं आणि दत्तू दर वेळी उघड्या चाकाला दोरी गुंडाळून, हिसडा मारून इंजिन चालू करायचा. शेजारी मुलं बसलेली, आणि गुडघ्याला लागून ते उघडं चाक गरगरतंय. कुणाची ओढणी त्यात गेली नाही हे त्या मुलांचं नशीब. शेवटी शाळेच्या समितीने ते बघितलं आणि बोट बंद केली. त्यांचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं.

समितीने अट घातली. झाकण बसलेलं पाहिजे, इंजिन झाकणातल्या दोरीने चालू झालं पाहिजे, आणि जो बोट चालवणार त्याच्याच हाताने चालू झालं पाहिजे. जूनच्या पहिल्या आठवड्यात समिती येऊन बघणार. नाही जमलं तर मुलांनी तालुक्याच्या वसतिगृहात जायचं. गाडीरस्ता होता, पण धरणाला वळसा घालून जाणारा, आणि त्यावर एसटी दिवसातून एकदा. नवं इंजिन घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, आणि या जुन्या इंजिनाला बटणाचा स्टार्टर बसत नाही. म्हणून ते माझ्याकडे आले.

काम मी मन लावून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या इंजिनाची स्प्रिंग बाजारात मिळत नव्हती. मी दुसऱ्या एका मोडीतल्या इंजिनाची घेतली, तिचं टोक तापवून नवा आकडा वळवला. नव्या आकड्याला आठ दिवस रोज ओढून बघितलं. दोरी योग्य जाडीची घातली. कुत्र्याचं नाक झिजलं होतं. नवा कुत्रा करायचा तर पोलाद कापून घासावं लागलं असतं, दोन दिवसांचं काम. मी त्या जुन्याच नाकाला कानस मारून धार काढून दिली. त्यामुळे तो जरासा आखूड झाला आणि पकडायला किंचित उशीर लावू लागला. दोरी वीतभर नुसती यायची आणि मग पकड बसायची. मला ते जाणवलं होतं. पण माझ्या ओढीपुढे एक वीत म्हणजे काहीच नव्हे.

ती दोघं न्यायला आली तेव्हा मी इंजिन स्टँडला लावलं, खाली पाण्याचं पिंप, स्टँडच्या पायावर एक पाय रोवला आणि ओढलं. पहिल्या ओढीत चालू. दत्तूच्या डोळ्यांत पाणी आलं. सारिकाने पदराला हात पुसले आणि विचारलं, मी एकदा ओढून बघू का? मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिने वाचलं, आणि हात मागे घेतला.

आठच दिवसांत ती एकटी इंजिन घेऊन परत आली. म्हणाली, तिच्या हाताने चालू होत नाही. शेजारचा एक दांडगा गडी ओढतो तेव्हा सहा-सात वेळा ओढल्यावर होतं. मी ते स्टँडला लावलं, पाय रोवला, ओढलं. पहिल्या ओढीत चालू. आता इथे मी जे बोललो ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “बाई, इंजिन दुरुस्त करून मिळेल. दंड दुरुस्त करून मिळत नाहीत.”

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पिंपाच्या कडेला टेकली आणि शांतपणे सांगू लागली. अकरा मुलांत पाच मुली आहेत. मुलगे वसतिगृहात जातील, पण एक सोडली तर मुलींना कुणी पाठवणार नाही. समितीतले तात्या म्हणून वाडीतले मोठे माणूस आहेत, त्यांची स्वतःची नात पिंकी त्या पाचांत आहे, तिचं एकटीचं नाव त्यांनी वसतिगृहासाठी दिलंय, आणि ते तर आत्ताच म्हणतायत की बाईमाणसाच्या हातात बोट नको. तिची स्वतःची मुलगी तेजू सातवीत. एवढं सांगून ती उठली आणि म्हणाली, “मिस्त्री, तुमच्या हितं चालू व्हतं, पान्यावर न्हाई व्हत. तुमी एकदा पान्यावर या.”

मी म्हटलं, मी गिऱ्हाइकाकडे जात नाही. तिने इंजिन गोधडीत बांधलं आणि निघून गेली.

रात्री जेवताना मी हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. दंडांचं वाक्य मला तोवर चांगलंच जमलंय असं वाटत होतं. ती काही हसली नाही. पोळी वाढता वाढता तिने विचारलं, “तिला ओढताना पाहिलंत का?”

मी म्हटलं, नाही.

“मग तिला येत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी म्हटलं, चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो. त्यावर ती म्हणाली, घर बांधलं तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्याची उंची तुम्हीच गवंड्याला सांगितलीत, तुमच्या कमरेच्या मापाने. चोवीस वर्षं मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटतेय, ते तरी कुठे पाहिलंत. मी वळून बघितलं तर ओट्याखाली खरोखरच एक पाट होता, मधोमध झिजलेला. मला वाटायचं तो सणावारी जेवायला बसायचा पाट आहे आणि कुणीतरी विसरून तिथे ठेवलाय. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून, हत्यारांची पेटी स्कूटरला बांधून मी खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो. धरण मागे टाकून पुढे तासभर गेल्यावर सारिकाने सांगितलेला काठ लागला. दत्तू आणि ती दोघं तिथेच होती. मला बघून तिने आश्चर्य दाखवलं नाही, नुसती बोट जवळ ओढली. मी म्हटलं, तुम्ही ओढा, मी बघतो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

ती मागच्या फळीवर इंजिनाकडे तोंड करून बसली. तिने दोरी आधी हळूच ओढून कुत्रा लागतोय का ते बघितलं, दोरी तशीच ताणून धरली आणि मग एकदम हिसडा दिला. ओढायची पद्धत बिनचूक. मीसुद्धा इतका नेमका ओढत नव्हतो. पण तिचा हात मागे जाता जाता कोपर थाडकन पाठीमागच्या आडव्या फळीवर आपटलं आणि ओढ तिथेच संपली. मी म्हटलं, उभ्याने ओढा. ती म्हणाली, मुलं बसलेली असताना उभं राहिलं तर बोट कलंडते, त्यामुळे बोटीत कुणी उभं राहायचं नाही हा तिथला नियम आहे, आणि इंजिन चालू करणाऱ्यालाही तो आहे. तिचं कोपर मी बघितलं. निळंकाळं झालं होतं.

तिची सगळी ओढ मोजली तर जेमतेम तीन विती. त्यातली एक वीत माझ्या आखूड कुत्र्याने खाल्ली. उरलेल्या दोन वितींत कुणाच्या बापाच्याने ते चाक फिरणार? आणि मी दुकानात सहा फुटी देह घेऊन, पाय रोवून, उभ्याने सात विती ओढत होतो. बोटीचं इंजिन बोटीत बसून चालू करतात ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. पण माहीत असणं वेगळं.

“आता तुमी वडा,” ती म्हणाली.

मी बोटीत पाय टाकला, सवयीने उभाच राहिलो आणि बोट अशी हलली की मी खाली साचलेल्या पाण्यात बसलो. दत्तूने सभ्यपणे डोंगराकडे तोंड फिरवलं. मग मी फळीवर नीट बसून ओढलं. एकदा, दोनदा, पाचदा. इंजिनाने नुसता घसा साफ केला. सहाव्यांदा माझं कोपर फळीवर आपटलं आणि झिणझिण्या पार करंगळीपर्यंत गेल्या.

मी तिला म्हणालो, “ताई, माझं चुकलं. इंजिन मी दुरुस्त केलं, तुमच्यासाठी नाही केलं. कालचं बोलणंही मी परत घेतो.”

तिने मान हलवली आणि विचारलं, “मग आता काय करायचं ते सांगा.” त्या बाईला माफी ऐकण्यात वेळ घालवायचा नव्हता. समिती यायला नऊ दिवस होते.

मी तिच्या हाताची ओढ सुतळीने मोजली आणि सुतळीला गाठ मारली. त्या गाठीच्या आत इंजिन चालू झालं पाहिजे, हे ठरलं. तिच्या पाठीमागची आडवी फळी हातभर बोटीच्या तोंडाकडे सरकवली तर कोपराला वाट मिळेल हे दत्तूच्या लक्षात आलं. त्याने एका हाताने पटाशी धरायची आणि सारिकाने ठोकायचं, असं त्यांनी ते दोन दिवसांत केलं. मी इंजिन दुकानात आणलं आणि जो कुत्रा करायचा मी आळस केला होता तो पोलादाच्या तुकड्यातून कापून, घासून, तापवून पाण्यात बुडवून कडक करून केला. दोन नाही, चार दिवस लागले, कारण पहिला फेकून द्यावा लागला. दुसरा मात्र चार बोटं दोरी आली की पकडू लागला. बाकीची सगळी ओढ आता इंजिनाला मिळणार होती.

आणि मी स्टँड कापला. त्याचे पाय आखूड केले, समोर एक बुटका स्टूल ठेवला, त्याच्यामागे एक फळी आडवी बांधली. सारिका आली तेव्हा मी पाटी उतरवत होतो. तिला म्हटलं, बसा आणि ओढा. ती बसली. पहिल्या ओढीला नाही, दुसऱ्या ओढीला इंजिन चालू झालं. तिने ते बंद केलं, पुन्हा ओढलं, पुन्हा बंद केलं. अकरा वेळा तिने ते केलं. गल्लीतले लोक जमले होते, त्यांना काय चाललंय कळेना. मला तर इतका आनंद झाला की मी समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवला, आणि मी चहा मागवला या बातमीने गल्ली जास्त हादरली.

त्या दिवसांत मला एक जुनी गोष्ट फार छळत होती. पूर्वी हडपसरकडच्या एका रोपवाटिकेतल्या बाई फवारणीचा पंप घेऊन तीनदा आल्या होत्या. पंप पाठीवर घेऊन त्यांना दोरी ओढता येत नव्हती. मी तीनदा तो टेबलावर ठेवून पहिल्या ओढीत चालू करून दाखवला. चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत. मी समजलो, पंप चालला. अशी आणखी किती माणसं असतील, ज्यांना मी पहिल्या ओढीत घरी पाठवलं? मला त्यांचे चेहरेही आठवत नाहीत, कारण मी इंजिनाकडे बघत होतो.

समिती यायच्या दिवशी सारिकाने मला बोलावलं. मी गेलो, आणि मला पोहता येत नाही हे कुणालाही न सांगता बोटीत बसलो. शाळेचे मुख्याध्यापक होते. तात्या होते, पांढरं धोतर, हातात काठी, सत्तरीतले. समितीतल्या आणखी दोघी बायका. सारिकाने सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालायला लावली. तात्यांनी आधी नको म्हटलं. त्यांनी ते घालेपर्यंत ती दोरीला हातच लावेना, म्हणून त्यांनी घातलं. दत्तू काठावर थांबला. तेजू आणि दोन-तीन मुली त्याच्याजवळ दप्तरं घेऊन उभ्या होत्या. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, दप्तरांचं काही काम नव्हतं, पण आणली होती.

सारिका फळीवर बसली. हळू ओढली, धरली, हिसडा दिला. पहिल्या ओढीत इंजिन चालू झालं. मी माझ्या नकळत टाळी वाजवली. मुख्याध्यापकही खूश झाले, वहीत काहीतरी लिहू लागले. बोट निघाली. तात्या मात्र पाण्याकडे बघत मोठ्याने म्हणाले की काठावर कुणीही चालू करील, मधे बंद पडलं म्हणजे काय? वर पोरं रडत असतील, वारा सुटला असेल, तेव्हा ही काय करणार? प्रश्न रास्त होता. त्यांची नात त्या बोटीत बसणार होती, त्यांनी तो विचारायलाच हवा होता.

सारिकाने बोट तशीच पुढे नेली. बोट ऐन मध्यावर आली. दोन्ही काठ सारखेच लांब दिसत होते. तिने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

इतकी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पाणी बोटीच्या बाजूला चपचप आपटत होतं आणि वाऱ्याने बोट हळूहळू आडवी होऊ लागली. मुख्याध्यापकांनी वही मिटली. तात्यांनी काठी आडवी धरली.  मला कळलं की ही आपल्या मनाने केलेली गोष्ट आहे, हिने ती मलाही सांगितली नव्हती, आणि आता त्या झाकणाच्या आत माझ्या हाताने वळवलेला आकडा आणि माझ्या हाताने घासलेला कुत्रा आहे. 

तिने ओढलं. नाही झालं. तिचा हात चोकच्या दांडीकडे गेला. तापलेल्या इंजिनाला चोक दिला की ते पेट्रोल पिऊन बसतं आणि मग अर्धा तास कुणाच्या बापाला दाद देत नाही. हे मी तिला सांगितलं होतं का? आठवेना. मी तोंड उघडलं, पण तोवर तिचा हात आपसूक परत दोरीवर आला होता. तिने दोरी हळू ओढली, कुत्रा लागल्याचा तो बारीक आवाज मला ऐकू आला, तिने क्षणभर धरली आणि हिसडा दिला. कोपर मागे गेलं, कशालाही न आपटता गेलं, आणि इंजिन चालू झालं.

तिने बोटीचं तोंड सरळ केलं. चेहऱ्यावर काही नाही, फक्त पुढचं पाणी बघत होती. मला रडू येत होतं आणि ते मी पाणी उडालं म्हणून खपवलं.

 तात्यांनी काठी खाली ठेवली, मुख्याध्यापकांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आमच्या पिंकीचं नाव त्या वसतिगृहाच्या कागदावरनं काढा.”

इंजिनाच्या आवाजात मुख्याध्यापकांना ते ऐकू गेलं नाही, त्यामुळे तात्यांना ते दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने सांगावं लागलं.